एकेचाळीस दात

सहा किलोमीटर झाले होते, तीन राहिले होते, आणि नेमका तेव्हाच वहिनींच्या चपलेचा अंगठा तुटला.

"आता हिचाही ॲक्सल बदला, भाऊजी," त्या कडेच्या दगडावर बसत म्हणाल्या.

दिराने खिशातून तारेचा तुकडा काढला, तळातून ओवला आणि पिळून घट्ट केला. "चाला. फक्त वळणावर सावकाश."

ह्या दिराला सगळे बॅटरी मिस्त्री म्हणत. दिवसभर कुठल्या ना कुठल्या गाडीखाली उताणा आणि तोंडात बॅटरी धरलेली, कारण दोन्ही हात कामात. त्यामुळे त्याचं निम्मं बोलणं म्हणजे नुसते हुंकार. वहिनी लग्न होऊन घरात आल्या तेव्हा तो शाळकरी पोर होता. तिसऱ्याच दिवशी त्याने नव्या वहिनीचं शिलाई मशीन खोलून पुन्हा जोडलं. एक स्क्रू उरला. मशीन आधीपेक्षा बरं चालायला लागलं. तो स्क्रू वहिनींनी अजून सुयांच्या डबीत ठेवला आहे.

आज दोघं चालत निघाली होती ती वहिनींच्या नवऱ्यासाठी. त्याच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं होतं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी खालच्या इस्पितळात यंत्रावर रक्त धुऊन घ्यायचं, तर पुढचे तीन दिवस बरे जायचे. घरापासूनचा उतार चिखलाचा, इतका उभा की चारही चाकं एकदम ओढणारी त्यांची जुनी पिकअपच तिथं टिकायची. सोमवारी तिच्या मागच्या ॲक्सलची, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणाऱ्या आसाची, नळी तडकली. मंगळवारी त्याला शेजारच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी घालून नेलं. येता-जाता तो दोनदा ओकला. घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "पुन्हा ट्रॉलीत नाही. गाडी झाली तर येईन शुक्रवारी. नाही झाली तर राहू दे."

चिडून बोलला असता तर वहिनी घाबरल्या नसत्या. तो शांतपणे बोलला होता.

म्हणून त्याच संध्याकाळी त्यांनी मोडीतल्या गाड्यांच्या आवारात फोन लावला होता. मिस्त्री पिकअपखालून आकडा सांगत होता, त्या फोनमध्ये सांगत होत्या. आवारवाला म्हणाला, "आहे. काढून ठेवतो." आज बुधवार. ट्रॅक्टर दुपारनंतर मोकळा होणार होता. तोवर पायी जाऊन माल पारखून ठेवायचा, असं ठरलं होतं.

आवारात ॲक्सल धुऊन-पुसून दोन ठोकळ्यांवर ठेवलेला होता. तीच लांबी, तेच नट, तोच काळा रंग. "जुळा भाऊ आहे तुमच्या ॲक्सलचा," आवारवाला म्हणाला. "उचला आणि बसवा."

"जुळ्यांचेही स्वभाव वेगळे असतात," मिस्त्री म्हणाला आणि खडू मागितला.

त्याने आवारवाल्याला एका टोकाचं चाक बसतं ती तबकडी घट्ट धरायला लावली. दुसऱ्या टोकाच्या तबकडीवर खडूची रेघ मारली. "वहिनी, ही बरोबर वीस वेळा फिरवायची. एकही कमी नको, जास्त नको." स्वतः मधल्या तोंडाशी उकिडवा बसला, जिथे इंजिनाकडून येणारा दांडा जोडतात. तिथल्या कडेवर, खाच दर फेरीला लागेल असं, त्याने अंगठ्याचं नख टेकवलं आणि डोळे मिटले.

वहिनी फिरवू लागल्या. वर्गात पाढे म्हणताना पोरं जशी डुलतात, तशा त्या नकळत डुलत होत्या. वीस झाले. मिस्त्री हलला नाही.

"पुन्हा."

पुन्हा वीस. मग त्याने डोळे उघडले. "हे तोंड साडेपस्तीसला जरा कमी फिरलं. मला सव्वासदतीस फेरे पाहिजेत."

"म्हणजे काय हो?"

"आत एक मोठं दातेरी चाक असतं, एक लहान. आपल्या गाडीत पुढे आणि मागे दोन्हीकडे मोठ्याला एकेचाळीस दात, लहानाला अकरा. ह्याच्यात मोठ्याला एकोणचाळीस. हा बसवला तर चारही चाकं जोडल्यावर पुढची एक म्हणतील, मागची दुसरं. त्यांच्या भांडणात दोघींना जोडणारी मधली पेटी जाईल. तीही दादाला घेऊन, अर्ध्या चढावर."

आवारवाला तबकडी सोडून उभा राहिला. "माझ्यावर नका ढकलू. बाईंनी फोनवर स्वच्छ सांगितलं, एकोणचाळीस-अकरा. मी लिहून घेतलंय."

तिसरीच्या वर्गाला बावीस वर्षं वहिनी हेच तर घोटून घेत आल्या होत्या. एकोणचाळीस वेगळं, एकेचाळीस वेगळं. ऐका, मग लिहा. आणि स्वतः ऐकलं काय, तर बॅटरी तोंडात धरलेल्या माणसाचं "एओचाईस." त्यांनी विचारलंसुद्धा नव्हतं, पुन्हा सांगा म्हणून. दोन दातांचा फरक, आणि त्यावर टांगलेला नवरा. त्यांनी मनातल्या मनात देवाला हाक मारली. काय मागावं ते मात्र सुचेना.

"चूक बॅटरीची आहे," मिस्त्री म्हणाला. "वहिनी, रडायचं असेल तर चालता चालता रडा, वेळ वाचेल. एकेचाळीसचा दुसरा आहे का हो तुमच्याकडे?"

"नाही."

त्याने नळीवर टोकापासून टोकापर्यंत हात फिरवला. "नळी चांगली आहे. आमच्याकडे नळी फुटली आहे, दात शाबूत आहेत. ह्याचं अंग घेतो, आमचा जीव ह्यात घालतो."

"ते नुसतं अंगात अंगरखा घालण्याइतकं सोपं नाही, मिस्त्री. केसाएवढी चूक झाली तर दात रडायला लागतात."

"म्हणून तर गुरुवार अख्खा ठेवलाय."

ट्रॅक्टरने ॲक्सल वर आणला. गुरुवारी वहिनींनी शाळेतून रजा घेतली आणि छपराखाली पिंपावर बसून राहिल्या. मिस्त्रीने जुन्या घरातून दातेरी चाकं काढून नव्या घरात बसवली. मग कागदाहून पातळ पत्र्याच्या चकत्या एकेक करून घालायला लागला. घालायचा, आवळायचा, मोठं चाक दोन बोटांनी किंचित हलवायचा, कान लावायचा, मान हलवायचा, सगळं सोडायचा. असं अकरा वेळा. एकदाही वैतागला नाही. मग तेलात कालवलेला शेंदरी रंग दातांना फासून चाक फिरवलं.

"बघा. ठसा कुठे आलाय?"

"काठाला."

पुन्हा सोडलं. आणखी एक चकती.

दुपार कलताना तो म्हणाला, "आता?"

वहिनी वाकल्या. प्रत्येक दाताच्या बरोबर मध्यावर लंबगोल ठसा, बदामाएवढा. त्यांनी एक दात खुणेला धरला आणि मोजत सुटल्या. एकेचाळीस दात, एकेचाळीस ठसे, एकही इकडे नाही की तिकडे नाही. त्यांनी पुन्हा मोजले. लहानपणापासून त्या रोज डोळे मिटून देवासमोर बसत आल्या होत्या. आज उघड्या डोळ्यांनीच तसं काहीसं झालं, आणि हात आपोआप जोडले गेले.

"अहो, ते तेल आहे, प्रसाद नाही," मिस्त्री म्हणाला. "चिंधी द्या."

शुक्रवारी सकाळी नवरा पुढच्या सीटवर बसला. चारही चाकं जोडून पिकअप चिखलाच्या उतारावरून घसरता घसरता सावरत खाली आली. मागून काही वाजलं नाही. खाली पोचल्यावर तो म्हणाला, "गाडी एवढी गप्प का रे? बॅटरी तोंडात धरलीय का हिनं?"

वहिनींनी पदराने डोळे पुसले. चार दिवसांत तो पहिल्यांदा थट्टेने बोलला होता.

इस्पितळात त्याला यंत्रावर घेतलं. दोघं बाहेर पिकअपच्या फाळक्यावर बसली. मिस्त्री बराच वेळ नखं न्याहाळत होता, पण हात डोळ्यांपासून पार लांब धरून.

"वहिनी, मंगळवारी तो आकडा मी वाचला नव्हता. मोठ्या चाकावर कोरलेला असतो, नखाने चाचपला. वर्ष होऊन गेलं, जवळचं दिसत नाही. चष्म्याने भागेल असं डॉक्टर म्हणत नाही."

खडूची रेघ, मिटलेले डोळे, "ठसा कुठे आलाय?" हे सगळं वहिनींना आत्ता कळत होतं.

"वरच्या वाडीतल्या सतरा गाड्या आहेत. कुणाच्या पोटात किती दात, कुणाला कितीची चकती, सगळं इथे आहे." त्याने कपाळावर बोट ठेवलं. "एक वही करा. मी सांगतो, तुम्ही लिहा. आकड्यांतही लिहा आणि अक्षरांतही. आणि लिहून झालं की दर वेळी मला मोठ्याने वाचून दाखवा. तोंडात बॅटरी नसेल, शब्द देतो."