लिलाववाल्याचा हात

आमच्या विस्कॉन्सिनमधल्या गावात गुरांचे लिलाव वर्लिन टोस्ट्रुड पुकारायचा. त्याचा दम असा, की गोठाभर गायी विकून झाल्या तरी हा श्वास कधी घेतो ते कळायचं नाही. आणि हाच माणूस चर्चच्या तळघरातल्या श्वासाच्या वर्गात, माझ्या शेजारच्या चटईवर! श्वास घ्यायला शिकवणी लावायची, म्हणजे कमालच.

"खांदा आखडलाय," तो पुटपुटला. "डॉक्टरला काही सापडत नाही. तू कशाला आलीस?"

"तू कशाला आलास ते बघायला."

शिकवणारी टेस म्हणाली, "तोंडाने जोरजोरात श्वास घ्या, थांबू नका. अंगात साठलेलं वर येईल. मदत लागली तर हात वर करा."

"हात?" वर्लिन हसला. "आमच्या लिलावात हात वर केला की ती बोली धरतात, गाय गळ्यात पडते, बाई!"

थोड्या वेळाने कुणी रडायला लागलं, कुणी हसायला. मला नुसत्या मुंग्या आल्या, म्हणून मी डोळे किलकिले करून शेजारी पाहिलं. वर्लिनचा उजवा खांदा थरथरत होता. मग तो आखडलेला हात हळूहळू वर गेला, थेट छताकडे.

टेस धावली. "काय हवंय, वर्लिन?"

"बाबांची तांबडी गाय," तो मिटल्या डोळ्यांनीच म्हणाला.

मला तो दिवस आठवला. त्याच्या बापाचा गोठा मोडला, तेव्हा त्या तांबड्या गायीसकट सगळ्या गुरांचा लिलाव वर्लिननेच पुकारला होता. आणि आमच्या बाजारात पुकारणाऱ्याने बोली लावायची नसते.