आजाऱ्याच्या उशाशी

शेजारच्या आजोबांना सांभाळायला जी बाई होती, तिला सगळे मावशी म्हणत. मुलगेही, सुनाही. नातं जोडायला काही खर्च येत नाही.

नवऱ्याने दुसरा घरोबा केल्यावर तिने हे काम धरलं. आजाऱ्याच्या घरीच राहायचं, त्याचं हागणं-मुतणं काढायचं, त्याच्याच खोलीत सतरंजी पसरायची. आधी तिची भाड्याची खोली होती. पण तिला सदा कुलूपच. बंद खोलीचं भाडं कशाला भरा, म्हणून सोडली. या कामातल्या बाया हीच चूक करतात. मग भाडी वाढत गेली, आणि एकट्या बाईला खोली द्यायची म्हटलं की घरमालक आधी नवरा कुठाय ते विचारतात. भावाला तिने पाठवलेले पैसे चालायचे, ती मात्र दोन दिवसांच्या वर खपायची नाही.

आजोबांना ती लहान मुलासारखं भरवायची. मी एकदा चिडवलं, "मावशी, सख्खी लेक तरी इतकं करेल का गं?"

ती हसली नाही. "ते आहेत तोवर मला घर आहे, ताई."

आजोबा गेले तेव्हा सगळ्यांत जास्त तीच रडली. थोरला मुलगा गहिवरून म्हणाला, "तुम्ही होतात म्हणून बाबांचे हाल झाले नाहीत, मावशी." आणि त्याच दमात, "जाताना किल्ली तेवढी द्या. फ्लॅट बघायला लोक यायचेत." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिने निमूट ओटा पुसला, किल्ली दिली. मला वाटलं, भावाकडे गेली असेल.

पुढे मैत्रिणीला बघायला हॉस्पिटलात गेले, तर नातेवाइकांच्या हॉलमध्ये मावशी! पिशवी मांडीवर, केस नीट विंचरलेले. भावाने दारातूनच वाटेला लावलं होतं. "इथे कोणी हटकत नाही," म्हणाली. "लोकांना वाटतं, हिचं कोणीतरी आत असेल. शिवाय कुणाला बाई हवी असली तर इथेच कळतं."

मला राहवलं नाही. "ऊठ. माझ्या घरी चल."

तिचा चेहरा उजळला. पिशवी उचलून ती उभीच राहिली. "कोण आजारी आहे?"

"कोणी नाही गं. अशीच राहायला चल."

"काम नसताना कोण किती दिवस ठेवतं, ताई?" एवढं बोलून ती खाली बसली, आणि सरकून मला बाकावर जागा करून दिली.