डबा वापस आणजो!

हसाल तं हसा, पण आधी चहाचा कप खाली ठेवा. नाहीतं सांडसान अंगावर. असा येडेपणा केला म्या!

माही वर्षा पोर्तुगालात राह्यते, लिस्बनले. पहिलंच बाळंतपण. माहा पासपोर्ट वेळेवर आला नाही न जाणं राह्यलं. पोरगी तिकडं ओली बाळंतीण, अन् माय आसेगावात सोयाबीन निवडत बसली! लय जीव तुटे हो माहा.

तेवढ्यात कळलं, शेजारच्या शोभाबाईचा निखिल नोकरीसाठी जर्मनीले चालला, फ्रँकफुर्टले. म्या म्हटलं, झालं काम! दोघंही युरोपातच तं हायेत.

आपल्याकडं कसं, मंगरूळच्या भाच्याले डबा द्यायचा असला का एसटीच्या ड्रायव्हरजवळ देतो, पोचते. म्या डिंकाचे लाडू वळले. माह्या लग्नातला, नाव कोरलेला स्टीलचा डबा गच्च भरला अन् गेली शोभाबाईच्या घरी.

"निख्या, जाता जाता वर्षाले देऊन देजो."

पोरगं डोकं खाजवू लागलं. "काकू, लांब हाये ते."

"किती लांब?"

"विमानानं तीन तास."

"तीनच? अरे, मले अकोल्याले जायाले तीन तास लागतात, मंगरूळले बस बदलून! मी रडते का?"

"पण काकू, विमानाचे तीन तास..."

"विमानात तं बसायले जागा बी भेटते!"

शोभाबाईनं त्याच्याकडं डोळे वटारले. "लय बोलू नको. याच काकूच्या हातचं खाऊन मोठा झाला तू."

बिचाऱ्यानं डबा बॅगेत कोंबला. त्याची गाडी निघाली तरी मी मांगून ओरडली, "डबा वापस आणजो! नाव हाये त्याच्यावर!"

पंधरा दिवस झाले, डबा काही पोचला नाही. मी काय गप बसते? रोज फोन. "काहून नाही गेला रे? संध्याकाळी कामावरून सुटला का जाऊन ये ना!" हो, संध्याकाळी! असंच म्हटलं म्या.

मंग एका शनवारी वर्षाचा व्हिडिओ कॉल. तोंडात लाडू, डोळ्यात पाणी. "आई, घरची चव हाये वं." मी बी रडली. मांगं निखिल, मांडीवर माहा नातू.

जावई हळूच म्हणे, "आई, निखिल अठराशे किलोमीटरहून जास्त लांबून आला बरं. म्हंजे आसेगावहून जवळपास जम्मू."

अवं माय! डबाभर लाडवांसाठी म्या लोकाच्या लेकराले जम्मूले धाडलं? अन् तेही कामावरून सुटल्यावर?

दुसऱ्या दिवशी फ्रँकफुर्टले पोचून निखिलनं फोन केला. म्या हात जोडूनच उचलला. "लेकरा, चुकलं माहं. माफ कर मले."

त्याचा आवाज माह्यापेक्षा बारीक. "काकू, तुमीच माफ करा. डबा आणला, पण झाकण वर्षाताईच्या ओट्यावर राह्यलं. येत्या शनवारी जाऊन आणू का?"

आता सांगा, काय म्हणायले पाहिजे होतं? लगेच 'नको रे बाबा', हो ना?

म्हटलं ना म्या नको. पण खोटं कायले बोलू, घडीभर विचारात पडली होती मी. झाकणावर बी नाव होतं ना!