आत्याच्या फळीवरची नटी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या आत्याने तरुणपणी अकरा माणसं मारली आणि त्यांची मुंडकी घरात फळीवर मांडून ठेवली, असं तुमच्या कानावर आलं असेल तर ते आधी कानातून काढा. ही बातमी गॅसचं सिलिंडर आणणाऱ्याने उठवली. दार अर्धवट उघडं होतं, त्याने आत डोकावलं, आणि सिलिंडर जिन्यात टाकून जो पळाला तो पुन्हा आमच्या गल्लीत दिसला नाही. माणूस तिने एकही मारलेला नाही. मुंडकी आहेत, पण लाकडाची.

आत्या टोप बनवते. टोप म्हणजे नाटक-सिनेमावाल्यांचे खोटे केस. विग म्हणा हवं तर, पण तिच्यासमोर म्हणू नका. "विग दुकानात मिळतो," एवढंच बोलून ती तोंड फिरवते. ज्याचा टोप त्याच्या डोक्याचं माप घ्यायचं, त्या मापाचं लाकडी डोकं करवून आणायचं, त्यावर जाळी ताणायची आणि आकडीच्या सुईने एकेक केस गाठवत बसायचं. अशी तिची चाळीस वर्षं गेली. कला बापाकडून आली, मानेचं दुखणंही बापाकडूनच. ती खरं तर कुणाचीच आत्या नाही, कारण तिला भाऊच नाही. पण सगळी इमारत तिला आत्या म्हणते. लग्न का नाही केलंत असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, एक होता बरा, पण त्याचं टक्कल मला दहा वर्षं आधी दिसलं.

मी पहिल्यांदा तिच्याकडे गेले ती चाळणी मागायला. चाळणी घेतली आणि तिथेच खिळून राहिले. भिंतभर फळी, फळीवर ओळीने डोकी, आणि बहुतेक सगळी पाठमोरी. टोप गिऱ्हाईक नेतं, डोकं मात्र टोपवाल्याकडे राहतं, असा त्यांच्या धंद्यातला रिवाज. आणि ज्याचं डोकं तो माणूस वारला, की त्याचं तोंड भिंतीकडे करायचं. आत्याच्या बापाने तिला हे शिकवलं, ती ते पाळते. गेलेल्याचं माप पुन्हा घ्यायचं नाही, म्हणून त्याने आपल्याकडे बघायचंही नाही.

खोलीकडे तोंड करून फक्त तीन डोकी होती. एक म्हाताऱ्या विनोदी नटाचं. तो अंथरुणाला खिळलाय, पण टोप घातल्याशिवाय डॉक्टरलाही भेटत नाही. दुसऱ्या डोक्याबद्दल आमच्या इमारतीत कुणी बोलत नाही, निदान तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर समोर असताना तरी नाही. डॉक्टरांचे केस फार दाट आहेत, एवढंच सांगते. आणि तिसरं, सगळ्यांत लहान, त्यावर अजून टोप होता. लांब, काळा, आज धुतल्यासारखा.

ते त्या नटीचं. एका सिनेमाचं काम अर्धं टाकून ती नाहीशी झाली, त्याला आता एक पिढी उलटली. त्या वेळच्या मासिकांनी तिला कॅमेरामनबरोबर पळवली, मग गुपचूप बाळंत केली, मग विहिरीत ढकलली, मग परदेशात नेऊन सोडली. नाहीशी व्हायच्या आदल्या दिवशी ती आत्याकडे टोप घालून बघायला आली होती, हे सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे इमारतीतल्या प्रत्येकाने केव्हा ना केव्हा आत्याला खोदून बघितलंच. मी तर खोदायचं फावडं घेऊनच जन्माला आलेय. पण आत्या सुईतून नजर काढत नसे.

दुपारच्या वेळी मला छतावर आवाज यायचा, लांब केसांवरून ब्रश फिरवल्याचा. सर, सर, सर. आत्या त्या नटीचा टोप विंचरतेय, असं म्हणून मी कूस बदलायची. एका दुपारी तोच आवाज ऐकत मी दाराशी आले, तर आत्या हातात भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होती. मी वर बघितलं, तिच्याकडे बघितलं. तिने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, भाजी काय भाव? त्यानंतर दुपारची झोप मी सोडली.

अशात माझ्या धाकट्या दिराने तो खेळ आणला. 'आतली बातमी'. पटावर एक फिल्म स्टुडिओ. तीन प्रकारची कार्डं: नट-नट्या, त्यांची लफडी, आणि ती जिथे घडली त्या जागा. प्रत्येकातलं एकेक कार्ड न बघता पाकिटात जातं, बाकीची वाटली जातात. आपल्या पाळीला विचारायचं, हा नट, हे लफडं, ही जागा? ज्याच्याकडे यातलं एखादं कार्ड असेल त्याने ते गुपचूप दाखवायचं. असं करत कुणाकडेच नसलेली तीन कार्डं हुडकायची आणि मोठ्याने जाहीर करायची. चुकलं की बाद. बाद होणाऱ्याने चहा करायचा आणि जिंकणारा सांगेल ते एक काम, हा आमचा घरचा नियम.

मोठं टेबल फक्त आत्याकडे, म्हणून रविवारी दुपारी आम्ही चौघं तिच्याकडे बसू लागलो: आत्या, मी, दीर आणि डॉक्टर. आत्या ओळीने जिंकत गेली. कार्डांकडे ती बघायचीच नाही, आमच्या कपाळांकडे बघायची. म्हणे, लपवताना माणसाचे केस केसभर मागे सरकतात. डॉक्टरांचे तर बोटभर सरकायचे. चहा करून करून आम्ही तिघं टपरी टाकण्याच्या लायकीचे झालो.

दीर हरणं पचवणाऱ्यातला नाही. खेळात दोन-चार कोरी कार्डं होती, आपापला स्टार घालायला. त्याने रद्दीच्या दुकानातून जुनं मासिक आणलं, त्यातला त्या नटीचा फोटो कापून एका कार्डावर डकवला आणि ते गड्डीत सरकवलं. बघूया आत्याच्या कपाळाचं काय होतं ते, म्हणाला. मी हसले. मी नको म्हटलं असतं असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही मला ओळखत नाही.

त्या रविवारी पाकीट उघडलं, तर नटी त्यातच. योगायोग, म्हणून आम्ही माना हलवल्या. पुढच्या रविवारी कार्डं मी पिसली, नटी पाकिटात. त्यापुढच्या वेळी डॉक्टरांनी डोळे मिटून कार्ड उचललं, तरी तीच. दिराच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. त्याने शपथ घेतली की फोटो डकवण्यापलीकडे त्याने काही केलेलं नाही, आणि मला आठवतंय तेव्हापासून तो पहिल्यांदा खरं बोलत होता.

आणि आत्या हरू लागली. सगळ्यांच्या आधी तिला कळायचं, ते तिच्या बोटांवरून दिसायचं. पण जाहीर करायची वेळ आली की ती दुसऱ्याच कुठल्या नटाचं नाव घ्यायची, बाद व्हायची आणि शांतपणे चहाला उठायची. त्या पोरीचं नाव कुठल्याही लफड्याशेजारी तिच्या तोंडून निघत नव्हतं. मासिकवाले हरले होते तिथे हा पुठ्ठ्याचा खेळ काय करणार.

मला मात्र फळीकडे बघवेना. खेळ मांडताना टोपाचा भांग डावीकडे असायचा. चहा येईपर्यंत उजवीकडे. दीर म्हणे, मी कधी नीट बघितलंच नाही. डॉक्टरांनी तर खुर्चीच फिरवून घेतली होती, फळी पाठीशी येईल अशी. मग त्यांना पाठीवर काहीतरी जाणवायला लागलं.

अखेरच्या डावात डॉक्टर घाईने उठले आणि जाहीर केलं: ती नटी, पळून गेली, रेल्वे स्टेशन. आत्या नेहमीसारखी चुकीचं नाव घेऊन आधीच बाद झाली होती. पाकीट उघडलं. तिन्ही बरोबर. फोटोतली ती आमच्याकडे बघून हसत होती.

डॉक्टरांना आनंद झाला नाही. त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं आणि म्हणाले, "आत्या, चहा नको. ते डोकं भिंतीकडे करा. ती आता येत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. मला बसवत नाही इथे."

जिंकणाऱ्याचं एक काम, हा नियम, आणि आत्या नियम मोडणारी बाई नाही. डोकं फिरवलं की ती मेली, आणि तीही आत्याच्या हाताने. आत्या पटावरची कार्डं गोळा करत राहिली. मग, आम्ही इतकी वर्षं खोदत होतो ते, कुणी न विचारता बोलली.

"त्या दिवशी तिने टोप घातला, आरशात बघितलं. भांग डावीकडे पाडू की उजवीकडे, एवढंच मी विचारलं. म्हणाली, उद्या सांगते. आणि गेली. एवढीच आहे माझ्याकडे आतली बातमी."

मासिकवाल्यांनाही तिने तेव्हा हेच सांगितलं होतं म्हणे. त्यांनी छापलं, टोपवालीने तोंड उघडलं नाही. तेव्हापासून ती सकाळी भांग डावीकडे पाडून ठेवते. "मी डावीकडेच ठेवते," ती म्हणाली. आम्ही तिघांनी एकदम फळीकडे बघितलं. भांग उजवीकडे होता.

आत्या उठली, फळीपाशी गेली. नियम म्हणजे नियम. हात उचलला, आणि त्या लहान डोक्याशेजारच्या डोक्यावर ठेवला, ज्याबद्दल आमच्याकडे कुणी बोलत नाही त्या.

"हेच ना फिरवायचं, डॉक्टर?"

डॉक्टरांचा हात आपोआप स्वतःच्या केसांवर गेला. ते म्हणाले, राहू द्या, काही घाई नाही, उलट चहाच बरा. दिराने टेबलाखालून मला पाय मारला. मला हसू येत होतं आणि मानेवर काटाही उभा होता, दोन्ही एकाच वेळी.

पण माझी जीभ तुम्हाला माहीत आहे. चहा झाला, ते दोघं खाली गेले, मी कप विसळत मागे रेंगाळले. फळीकडे पाठ करूनच हळूच म्हटलं, आत्या, डॉक्टरांचं सोडा, पण इतकी वर्षं झाली, टोप न्यायला ती आली नाही, म्हणजे काय ते समजायला नको का?

आत्याने ब्रश उचलला, लहान डोकं मांडीवर घेतलं आणि भांग पुन्हा डावीकडे पाडायला बसली. सर, सर. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू माझी चाळणी घेऊन गेलीस, ती दोन वर्षांत परत आणली नाहीस. मी तुझं तोंड भिंतीकडे केलं का?"