मामांनी मिशी काढली तेव्हा

"चला, सरकार आलं!" असं म्हणून आमचे वॉर्डमामा मिशीला पीळ द्यायचे आणि मगच वॉर्डात पाऊल टाकायचे. तुमच्याही ओळखीत असा एखादा मिशीवाला असेलच. पण मामांच्या मिशीची टोकं थेट गालांवर चढलेली आणि खोबरेल पिऊन तरतरीत. माणूस सिन्नरकडचा. नाशिकच्या त्या इस्पितळात मी नर्स होते, आणि खरं सांगते, मामा पाळीला असले की निम्मा शीण आधीच उतरायचा.

स्वाइन फ्लूची साथ आली आणि आमच्याकडे घट्ट बसणारे एन-९५ मास्क आले. इन्चार्ज सिस्टर दारातच उभ्या असायच्या. वरचा पट्टा डोक्यावर, खालचा मानेवर, नाकावरची पट्टी दाबायची, मग दोन्ही तळवे मास्कवर धरून जोरात श्वास सोडायचा. कडेनं हवा निसटली तर आत प्रवेश नाही. मामांची हवा मिशीखालून दोन्हीकडून निसटली.

"मिशी काढा, नाहीतर बाहेरची कामं करा."

"बाप जिता हाय माझा, सिस्टर! कशी काढू?"

आपल्याकडे मिशी उतरते ती वडील गेल्यावर, हे सिस्टरांनाही ठाऊक होतं. पण त्या बधल्या नाहीत. मामांनी मिशी मास्कच्या आत कोंबून पाहिली, तरी हवा यायची ती आलीच. मग दिवसभर व्हरांड्यात घुटमळत राहिले. "नातेवाइकांना आत सोडत नाय. आतल्यांना पानी कोन पाजनार? हसवनार कोन?" असं ज्याला त्याला विचारत होते. मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी मामा आले ते सफाचट! झालं. टोपीखाली केस आहेत की नाहीत, कोण बघतो? जो तो गंभीर. "कधी गेले हो?" म्हणत लॅबवाल्यानं तर गळ्यातच पडून डोळे पुसले.

"अरे, जिता हाय! सकाळी भाकर खाल्ली त्यानं!" मामा ओरडत होते. दुःखानं भ्रमिष्ट झालेत, असं लोकांना वाटलं.

शेवटी मामांनी गावी फोन लावला आणि दुपारच्या एसटीनं खुद्द म्हातारबाच फाटकाशी हजर झाले. मिशी लेकापेक्षा झुपकेदार. "म्याच म्हनलं, काढ. मानसं बरी झाली की उगवल परत," असं सांगून त्यांनी ऐटीत पीळ दिला. आम्ही पोट धरधरून हसलो.

मामांनी मास्क चढवला, तळवे धरले, श्वास सोडला. कुठूनच हवा आली नाही. "जा आत," सिस्टर म्हणाल्या. थोड्या वेळानं काचेतून पाहिलं, तर एका पेशंटला हसवायला मामा मास्कवरूनच नसलेल्या मिशीला पीळ देत होते. सिस्टरांनी काच बडवली, "मास्कला हात नाही लावायचा!"

साथ सरली, मिशी परतली, पुढे मामा निवृत्त होऊन गावी गेले. मग एकदा सिन्नरच्या स्टँडवर भेटले. ओठ पुन्हा मोकळा. आता कुठली साथ, असं मी हसून विचारणार होते, पण त्यांचे डोळे दिसले.

"या वक्ताला मास्कसाठी नाय, सिस्टर," ते म्हणाले. सवयीनं हात मिशीकडे गेला आणि तिथंच थांबला.