वेल रडेपर्यंत

सुपरवायझरने बुटाच्या टोकाने माझ्या द्राक्षवेलीच्या बुंध्याला टोचलं आणि म्हणाला, "मॅडम, ये तो खलास."

माझं टाळकंच सरकलं. रियाधमध्ये येऊन एकोणीस वर्षं झाली, 'खलास' हा शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडतो. दुकानात, टॅक्सीत, ऑफिसच्या खिडकीवर, कुठलंही काम आटोपलं की खलास. त्याचं मला एरवी काही वाटत नाही. पण वेलीकडे बघून कुणी खलास म्हटलं की तो शब्द मला मराठीतूनच ऐकू येतो. मेली, असा. "आधी बूट काढा तिथून," मी म्हटलं, तेही मराठीतच. त्याला शब्द कळले नसतील, पण पाय मात्र त्याने मुकाट्याने मागे घेतला.

जानेवारी संपत आला होता. आमच्या कंपाउंडमध्ये, म्हणजे वसाहतीत, राहणाऱ्यांसाठी मागच्या भिंतीलगत वाफे आखून दिलेत, चार पावलं रुंद आणि दहा पावलं लांब. हिवाळा सरत आला की सुपरवायझर वही घेऊन फिरतो. ज्याच्या वाफ्यात वाळलेलं झाड उभं दिसेल त्याचा वाफा काढून यादीतल्या पुढच्या माणसाला द्यायचा, असा नियम आहे. यादी भलतीच लांब आहे. फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी पुन्हा येतो, म्हणाला. तोवर वेल काढली नाही तर तो स्वतः माणूस घेऊन येणार आणि वहीतून माझं नाव कापणार.

"मग काढून टाक ना," आमचे हे म्हणाले. "एक वेल गेली तर बाकी वाफा राहतो. भेंडी लाव, दोडका लाव, कोण अडवतंय? वेल काय, नर्सरीत दुसरी मिळेल." हे पुण्याचे, त्यात इंजिनीअर. बिघडलेला पंप आणि वाळलेली वेल यांत त्यांना फरक दिसत नाही. बदलून टाका की झालं! माणूस वाईट नाही, पण कधी कधी बोलतो असं की हातातली विळी फेकून द्यावीशी वाटते.

प्रश्न वेलीचा नव्हताच. आण्णांचा होता.

आण्णा म्हणजे माझे वडील. दिंडोरीकडे गावी भावाजवळ राहतात, ऐंशी कधीच ओलांडलीत. हयातभर त्यांनी द्राक्षबागा छाटल्या, स्वतःची थोडी, लोकांच्या जास्त. छाटणी आली की चार गावांतून बोलावणं यायचं. काडीवर जिथून कोंब निघतो त्या फुगीर ठिपक्याला आमच्याकडे डोळा म्हणतात. कुठली काडी किती डोळ्यांवर कापायची, हे आण्णा चालता चालता सांगायचे, न थांबता. इथली वेल मी तीन वर्षांपूर्वी लावली तीसुद्धा त्यांच्या हुकमावरून. रोज सकाळी व्हिडिओ कॉल. "फोन खाली धर. माती दाखव. अजून खाली. तुझं तोंड नको दाखवूस, ते मी पुष्कळ बघितलंय."

मग गेला दसरा झाला, वेल पहिल्यांदाच छाटणीला आली आणि त्यांचा हुकूम आला, "छाटून घे. ऑक्टोबर छाटणी चुकवायची नाही." आमच्याकडे ऑक्टोबरात छाटायचं आणि उन्हाळा लागता लागता घड उतरवायचे. यात विचार करण्यासारखं काय आहे? मी केलाही नाही. छाटली. पंधरवड्यात असे काही कोंब फुटले की बघत राहावं. आण्णा खूश, मी खूश. भिंतीपलीकडच्या वेली तेव्हा पानं पिवळी करून झोपायच्या बेतात होत्या, आणि त्यांना बघून मी चक्क हसले होते.

डिसेंबरात तीन दिवस गारठा पडला. इथला गारठा कोरडा, हाडात शिरणारा. चौथ्या दिवशी सगळे कोंब काळे पडून लोंबत होते. इथे वेल हिवाळाभर झोपते आणि तिला हिवाळ्याच्या शेवटी छाटतात, हे मला तेव्हा कळलं. आम्ही बापलेकीने नाशिकचं कॅलेंडर रियाधच्या भिंतीला टांगलं होतं. दुसऱ्या कुणाला सुचलीही नसती अशी चूक!

आण्णांना मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, "मला आता काही कळत नाही बाई. तू तिथल्याच कुणाला तरी विचारत जा." त्या दिवसापासून त्यांनी वेलीचं नाव काढलं नाही. जेवलीस का, थंडी आहे का, एवढंच. भावाने सांगितलं, शेजारचा बागवाला काही विचारायला आला तर त्यालाही आण्णांनी ओट्यावरूनच परत लावला. म्हणे दुसऱ्याला विचार, माझं डोकं चालत नाही.

माझ्या आण्णांचं डोकं चालत नाही? ऐकून मला रडू आलं नाही, संताप आला. आता मी ती वेल उपटायची म्हणजे त्यांच्या त्या वाक्यावर माझ्या हाताने शिक्का मारायचा. नाही मारणार, जा! वाफा गेला तर गेला, कोथिंबीर बाजारात मिळते.

फेब्रुवारीभर मी दर शुक्रवारी, शनिवारी वाफ्यावर होते. सुपरवायझरला बोट ठेवायला दुसरी जागाच मिळू नये, असं ठरवलं होतं. बी धरलेली मेथी उपटली. कोबीचे बुडखे काढले. मुळे जून झाले होते, पण त्यांच्या कोवळ्या शेंगा, डिंगऱ्या, तोडून भाजी केली. ह्यांना डिंगऱ्या ठाऊकच नव्हत्या, दोनदा वाढून घेतल्या. वाऱ्याने आणलेली वाळू ठिबकच्या नळीवर साठली होती ती झाडली. मेंढीखताची पोती ह्यांनीच वाहून आणली, कुरकुर करत का होईना. मग माती हलवून आळी केली आणि भेंडी टोबली, काकडी टोबली, कडेने दोडका.

आणि मधोमध ती. आण्णांनी दिलेली त्यांची जुनी कात्री घेऊन मी तिची खरड छाटणी केली, सगळे वाळके हात कापून बुंध्याजवळ आणले. उरला हातभर उंचीचा खुंट, त्यावर दोन आखूड काड्या. साल नखाने खरवडली आणि आत हिरवं दिसलं की वेल जिवंत, हे मला माहीत होतं. पण मी खरवडली नाही. खरं सांगते, धीरच झाला नाही. रोज बादलीभर पाणी घालत होते आणि रोज तिला शिव्या देत होते. "बये, फुकटचं पाणी पितेस, लाज बाळग जरा."

शेवटच्या शुक्रवारी सकाळी नऊला सुपरवायझर आला. मागे कुदळवाला.

"मॅडम, निकाला नहीं?"

"नहीं निकाला. निकालूँगी भी नहीं."

"ये मर गया है, मॅडम."

"मरा नहीं है. उसकी आँख अभी सोई है."

त्याने माझ्या डोळ्यांकडे निरखून बघितलं. "किसकी आँख?"

आता डोळा म्हणजे काय हे हिंदीतून कसं समजवायचं? हे माझ्या मागे उभे होते, हळूच म्हणाले, "अगं, जाऊ दे ना आता." मी म्हटलं, "तुम्ही जा. मी नाही जाऊ देणार." सुपरवायझरने वही उघडली, नाव काटना पडेगा म्हणाला. काटो म्हटलं, पण आधी मला एक काडी कापू द्या. कुदळवाला पुढे झाला तशी मी सरळ वेलीच्या आळ्यातच जाऊन उभी राहिले. चपलेत चिखल गेला. पन्नाशी उलटलेली बाई आळ्यात पाय रोवून उभी, कुणी फोटो काढला असता तर जन्मभर हसले असते लोक. हसू देत!

खाली वाकले आणि कात्रीने जाडसर काडी खालच्या डोळ्याच्या वर बोटभर ठेवून कापली.

काही नाही. काप कोरडा, फिकट. सुपरवायझरने पेनाचं टोपण काढलं. मी त्या कापावरून नजर काढली नाही, आणि तो ओलसर वाटायला लागला. मला वाटलं, माझेच डोळे भरलेत. पुसले. नाही, कापाच्या कडेला पाण्याचा थेंब धरत होता. फुगला, थरथरला, खाली पडला. त्यामागून दुसरा.

आमच्याकडे म्हणतात, वेल रडली की जागी झाली. जमिनीला ऊब लागते, मुळं पाणी ओढायला लागतात आणि ते कापातून गळतं. मेलेली वेल रडत नाही.

"रो रही है," मी सुपरवायझरला म्हटलं. "अब बोलिए खलास. बोलिए ना!"

तो उकिडवा बसला. बोटाच्या टोकाने थेंब टिपला, अंगठ्यावर चोळून बघितला. "माशाल्ला," म्हणाला, पेनाला टोपण लावलं आणि कुदळवाल्याला पुढच्या वाफ्याकडे चल म्हणून खूण केली.

माझे हात चिखलाने बरबटलेले, आण्णांना फोन ह्यांनी लावून दिला. तिकडे दुपार व्हायला आली होती, ते ओट्यावरच होते. मी फोन नुसता त्या कापासमोर धरला. थेंब गळत होते.

"जवळ धर जरा," आण्णा म्हणाले.

धरला.

"हा काप कुणी घातला?"

"मी, आण्णा."

"सरळ? सरळ काप घातलास? अगं, सगळं पाणी त्या खालच्या डोळ्यावर उतरतंय! तो कुजला म्हणजे मग? तिरका घालायचा, डोळ्याच्या उलट्या अंगाला उतार देऊन. किती वेळा सांगितलं असेल! लक्ष कुठं असतं तुझं?"

दोन महिन्यांनी त्यांचा तो आवाज ऐकला. मी फोन वळवून स्वतःसमोर धरला, काहीतरी बोलायचं होतं, पण नुसतं रडूच यायला लागलं.

"तोंड काय दाखवतेस?" आण्णा ओरडले. "कात्री दाखव, कात्री!"