धारेच्या वेळची कॅसेट

डेअरीच्या भोंग्यावरची भूपाळी काढून मी एका सकाळी इंग्रजी रॉकची कॅसेट लावली आणि गावाचं दूध गावातच राहिलं.

गुन्हा एवढाच. पण तो किती मोठा हे कळायचं तर आमच्या गावात भूपाळीकडं काय काम होतं ते आधी सांगायला हवं. गाव कळंबच्या रस्त्यापासून आत, आणि मी गावच्या सहकारी दूध संस्थेचा सचिव. सोलापुरात राहून बी.कॉम. झालेला, म्हणजे गावाच्या मते जरा शहाणा आणि माझ्या मते फारच. गावात मनगटी घड्याळं तीन, त्यातलं एक माझं, तेही बंद. वेळ सांगायचा तो डेअरीच्या पत्र्यावरचा भोंगा. पहिली भूपाळी लागली की माणसं अंथरूण सोडायची, दुसरीला म्हशीखाली बसायची, तिसरीला किटली उचलायची. कॅसेटची एक बाजू संपेपर्यंत तालुका दूध संघाची गाडी फाट्यावरून गावात वळलेली असायची. शेवटची किटली मापात रिकामी झाली की मी टेप बंद करायचो. यात भक्ती किती होती ते देव जाणे. गाडीची धास्ती मात्र नक्की होती.

धास्तीला कारणही होतं. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. कडबा सोन्यासारखा जपून टाकावा लागायचा, म्हशी हाडाला लागलेल्या, दूध आटलेलं. संघाच्या साहेबांनी आमच्या चेअरमनना समोर बसवून सांगितलं होतं, की गावातून चार कॅन भरले तरच गाडी आत वळेल. एकदा कमी पडले तर सांभाळून घेऊ, दुसऱ्यांदा पडले तर गाडी फाट्यावरून सरळ कळंबला. मग दूध डोक्यावर घेऊन फाट्यापर्यंत चालायचं, नाहीतर घरी दही लावून बसायचं. ज्यांच्या घरातलं तेल-मीठ त्या दुधावर चाललं होतं त्यांना ते वाक्य पाठ झालेलं. मलाही पाठ होतं. तरीही मी कॅसेट लावली.

ती दिली होती माझ्या कॉलेजातल्या खोलीमित्रानं. त्याचा मामा परदेशात, त्याच्याकडून आलेली. मित्र म्हणायचा, या पोरांना त्यांच्या देशातसुद्धा कुणी विचारलं नाही, लोकांना कळलीच नाहीत. परीक्षेच्या दिवसांत आम्ही ती इतकी ऐकली, की अख्ख्या जगात ती कळलेले दोघंच, एक तो आणि एक मी, असं माझं पक्कं मत झालं. खरं सांगायचं तर शब्द मला एकही कळत नव्हता. पण गिटार वाऱ्यात सुटलेल्या पत्र्यासारखी खडखडायची आणि गाणारा तोंडात पान धरून बोलल्यासारखा गायचा, ते ऐकलं की मी पुस्तक मिटून ठेवायचो. गावी आल्यावर मी भेटेल त्याला ती ऐकवायला बघितली. एकेकाला घरात बसवलं की त्याला नेमकी रानातली मोटार आठवायची.

अशात डेअरीच्या टेपनं भूपाळीची कॅसेट खाल्ली. फीत चाकाला अशी गुंडाळली गेली, की पेन्सिल घालून फिरवल्यावरही गाणारे बुवा विहिरीच्या तळातून बोलायला लागले. चेअरमन म्हणाले, कळंबहून दुसरी आण. कळंबचा दुकानदार म्हणाला, चार दिवस लागतील. आणि माझ्या मनात आलं, अरे, अख्खं गाव एका वेळी जागं, भोंगा आपल्या हातात, आणि उठून जायला कुणाला जागाच नाही. असे श्रोते पुन्हा मिळायचे नाहीत.

सकाळी कॅसेट लावून मी मापं मांडून बसलो. पहिलं गाणं संपलं, दुसरं संपलं, तिसरं सुरू झालं. किटली घेऊन कुणी येईना. मला वाटलं, तल्लीन झालेत. शेवटी गाडी आली. ड्रायव्हरनं ओळीनं मांडलेले रिकामे कॅन बघितले, भोंग्याकडं मान वर करून थोडा वेळ ऐकलं आणि विचारलं, "सेक्रेटरी, गाव झोपलंय का मेलंय?"

कुणी मेलं असावं असंच गावाला वाटलं होतं. आमच्याकडं गावात मयत झालं की भूपाळी लागत नाही, हा रिवाज. भूपाळी लागली नाही आणि वर कुणीतरी भोंग्यातून कण्हत होतं. लोकांनी दोन्हींचा मेळ घातला आणि कोण गेलं हे कळायची वाट बघत ओसरीवर बसले. काहींना वाटलं, करंट उतरला भोंग्यात. गाडी गेल्यावर खरं काय ते गावभर झालं. तासाभरानं शेजारच्या गल्लीतली मावशी आली. तिची म्हैस गावात सगळ्यात दुधाळ आणि मावशी गावात सगळ्यात स्पष्ट. तिनं दुधाची किटली माझ्या रजिस्टरवर ठेवली आणि म्हणाली, "घे. आता तूच पी."

आता एका चुकीची सवलत संपली होती. उद्या पुन्हा चार कॅन भरले नाहीत तर गाडी बंद, आणि भूपाळीला अजून तीन दिवस. घरोघर हाका मारत फिरावं तर वाड्या-वस्त्या धरून गाव कोसभर पसरलेलं. संध्याकाळी डेअरीच्या ओट्यावर सगळे जमले. माझ्यावर जे बोलायचं ते बोलून झालं. मग चेअरमननी खिशातली तंबाखू काढली, मळली आणि शांतपणे सांगितलं, की हीच कॅसेट लाव. वेळ कळण्याशी मतलब. गाणं कोणतं का असेना, गावानं ते ओळखलं म्हणजे झालं.

आणि मग ती कॅसेट ऐकली गेली. मी बरेच गाण्याचे कार्यक्रम बघितलेत, पण त्या ओट्यावर माणसं जशी कान देऊन बसली होती तसे श्रोते मला कुठं दिसले नाहीत. प्रत्येकाला खूण हवी होती. पहिलं गाणं सुरू झालं, तर मागून एकानं मत दिलं, की याला अजून झोप आवरत नाही, तवा हे उठायचं गाणं. सगळ्यांना पटलं. दुसऱ्यात ढोल वाजले. गावच्या लग्नात हलगी वाजवणारे दादा इतका वेळ भिंतीला टेकून होते ते पुढं सरकले. त्यांनी गुडघ्यावर बोटं धरली, एक वेळ ऐकलं, कॅसेट मागं फिरवून परत लावायला लावली, पुन्हा ऐकलं.

"गाणारा कसाबी असू द्या," ते म्हणाले, "पर वाजवणारा गडी पोटातनं वाजवायलाय. ह्या ठेक्यावर धार चांगली निघंल."

माझ्या मित्राच्या मामानं ज्या देशातून ती कॅसेट आणली तिथल्या कुणी एवढं तरी म्हटलं असेल का, मला शंका आहे. दुसरं गाणं धारेचं ठरलं. तिसऱ्या गाण्यात मध्येच सगळी वाद्यं थांबतात आणि गाणारा एकटाच हुंदके दिल्यासारखं म्हणतो. ओट्यावर शांतता पसरली. मला वाटलं, पोचलं. मावशी म्हणाली, "ह्याची बायको माहेराला गेली दिसती." मग एवढं रडायला काय झालं, यावर बराच खल झाला. सासुरवाडीचा दोष की याचा, हे ठरेना. पण हे रडणं किटली उचलायची खूण हे बिनविरोध मंजूर झालं. चौथ्यात गिटार एवढी कडाडली, की समोरच्या लिंबावरचे कावळे उडाले. हे गाणं संपायच्या आत मापाशी पोचायचं.

दुसऱ्या दिवशी माझा जीव मुठीत होता. उठायचं गाणं झालं. धारेचं झालं. तिसऱ्यात तो गडी रडायला लागला आणि गल्लीच्या तोंडाशी पहिली किटली दिसली. मग दुसरी. मग ओळच. कडाडणारं गाणं सुरू व्हायच्या आत मावशी माझ्यापुढं हजर. गाडी आली तेव्हा चार कॅन भरून पाचव्यात दूध पडत होतं. ड्रायव्हरनं कॅन मोजले, पुन्हा मोजले आणि गाडीत चढवले. मी माप हातात धरून तसाच खाली बसलो.

चौथ्या दिवशी कळंबहून नवी भूपाळी आली. इमानदारीनं लावली. लोक आले, पण रमतगमत, कुणी वाटेत उभं राहून कडव्याला मान डोलावत. गाडी हॉर्न वाजवून वाजवून दमली. चेअरमननी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, की ते तुझं रडकंच लाव बाबा, त्यानं दूध वेळेत येतंय.

माझा ऊर भरून आला. जगानं टाकलेली ती पोरं, आणि त्यांना पारखलं ते आमच्या दुष्काळी गावानं. त्याच दिवशी मित्राला चार पानी पत्र लिहिलं. लिहिलं, की इथं अख्खं गाव रोज पहाटे ही कॅसेट ऐकतं. पहिल्या दिवशी कुणाला कळली नाही, आता लोक तिच्यापायी पळत येतात. भूपाळी आली तरी चेअरमननी हीच लावायला सांगितली. पत्र इतकं झकास उतरलं होतं, की पेटीत टाकायच्या आधी दुसऱ्या सकाळी मापापाशी उभ्या असलेल्या ओळीला ते मी वाचून दाखवलं. हलगीवाले दादा ढोलाबद्दलच्या ओळीला हसले. बाकीचे गप्प होते. मला वाटलं, भारावलेत.

मावशी ओळीत शेवटची होती. तिनं किटली मापात रिकामी केली, पदरानं कड पुसली आणि भोंग्याकडं बोट केलं.

"पत्र लई झाक हाय. पर त्या दोस्ताला खरं लिही," ती म्हणाली. "शेवटची किटली पडल्याबगर तू ते बंद करत न्हाईस, म्हणून आमी पळत येतोय. कर आता बंद."